विश्लेषण : ‘कोरडे’ पाणी आणि ‘ओले’ पाणी यांत फरक काय? लुडविग प्रांटल यांनी दीडशे वर्षांचे कोडे कसे सोडवले?

पाणी कोरडे असू शकते का? रोजच्या व्यवहारात नाही. पण भौतिकशास्त्राच्या वहीत दीडशे वर्षे असेच पाणी वाहत होते. त्या हिशेबात नदी अडखळत नव्हती, जहाजाला विरोध होत नव्हता आणि विमानाचे उडणेही अशक्य होते. वहीतले पाणी आणि खरे पाणी यांची सांगड एका जर्मन अभियंत्याने घातली. नाव लुडविग प्रांटल. त्यांच्या कामाचा संबंध माहीमच्या खाडीशी, शिवाजी पार्कवरच्या स्विंगशी आणि भारतात आखल्या व बांधल्या गेलेल्या पहिल्या विमानांपैकी एकाशी आहे.

‘कोरडे’ पाणी म्हणजे काय?

द्रव आणि वायू या दोन्हींना मिळून शास्त्रात द्रायू म्हणतात. प्रत्येक द्रायूला थोडाफार चिकटपणा असतो. त्याचा एक थर दुसऱ्या थरावरून घसरताना घर्षण होते. या गुणधर्माला श्यानता असे नाव आहे. ग्लिसरीन पाण्यापेक्षा हजारपटींहून अधिक चिकट असते, तर पाणी हवेपेक्षा सुमारे ५० पट. हा चिकटपणा शून्य मानला की उरते ते ‘कोरडे’ पाणी, आणि हिशेबात धरला की ‘ओले’ पाणी. म्हणजे इथे ओले-कोरडे याचा ओलाव्याशी संबंध नाही, घर्षणाशी आहे. या अर्थाने हवासुद्धा ‘ओली’ असते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी घर्षण वगळून गणिते मांडणाऱ्यांना कोरड्या पाण्याचे अभ्यासक म्हटले होते. पुढे रिचर्ड फाइनमन यांनी १९६० च्या दशकातल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत ‘कोरडे’ आणि ‘ओले’ पाणी अशी दोन वेगळी प्रकरणेच केली.

मिठी नदी ‘कोरडी’ असती तर?

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघालेली मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. समजा, या वाटेत पाणी एकूण ५० मीटर खाली उतरते. घर्षण अजिबात नसेल तर उतारावर पाण्याचा वेग वाढतच जाईल आणि माहीमला पोहोचेपर्यंत तो ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असेल. म्हणजे लोकलला मागे टाकणारी नदी. प्रत्यक्षात माहीम कॉजवेवरून दिसणारे पाणी माणसाच्या चालण्याच्या वेगाने सरकते, भरतीच्या वेळी तर उलटेही फिरते. उतारामुळे मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा तळाशी, काठाशी आणि भोवऱ्यांत घर्षणाने खर्च झालेली असते.

हे सामान्य माणसालाही दिसत होते. मग शास्त्रज्ञांनी कोरड्या पाण्याचा आग्रह का धरला? कारण त्याचे गणित सुटत होते.

दीडशे वर्षांचे कोडे काय होते?

फ्रेंच गणितज्ञ दालाँबेर यांनी १७५२ मध्ये एक चमत्कारिक निष्कर्ष मांडला. चिकटपणा नसलेल्या द्रायूतून एखादी वस्तू एकसारख्या वेगाने जात असेल, तर तिला काहीच विरोध होत नाही, असे गणित सांगत होते. पुढून येणारा दाब आणि मागून मिळणारा दाब एकमेकांना पुरेपूर फेडतात. नाव वल्हवणाऱ्या कोणत्याही कोळ्याला हे खोटे असल्याचे ठाऊक होते. पण गणितात चूक सापडत नव्हती. हाच दालाँबेर यांचा विरोधाभास.

पुढे फ्रान्समध्ये नाविए यांनी १८२२ मध्ये आणि ब्रिटनमध्ये स्टोक्स यांनी १८४५ मध्ये चिकटपणा धरून समीकरणे मांडली. योगायोग असा, की लेडी जमशेटजी जिजीभाय यांच्या देणगीतून बांधलेला माहीम कॉजवे खुला झाला तोही १८४५ मध्येच. समीकरणे बरोबर होती, पण इतकी अवघड की अगदी साधे प्रवाह सोडले तर ती सुटेनात. शिवाय हवा आणि पाणी यांचा चिकटपणा इतका कमी, की तो वगळला तर बिघडते कुठे, असेच वाटायचे. परिणामी दोन गट पडले. गणितज्ञ देखणी पण व्यवहाराशी न जुळणारी उत्तरे काढत आणि पूल, कालवे, जहाजे बांधणारे अभियंते अनुभवातून आलेल्या कोष्टकांवर काम भागवत.

प्रांटल कोण होते?

लुडविग प्रांटल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७५ रोजी म्युनिकजवळच्या फ्रायझिंग गावात झाला. वडील अलेक्झांडर कृषी महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकवत. आई दीर्घकाळ आजारी असल्यामुळे मुलाचा बराचसा वेळ वडिलांबरोबर जाई. त्यांच्याकडून त्याला दोन सवयी लागल्या : यंत्रे हाताळायची आणि निसर्गात जे दिसते त्याचे कारण शोधायचे.

म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात ते ऑगस्ट फ्यॉपल या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली शिकले. १९०० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, पण तो विषय पाण्याचा नव्हताच. भार आल्यावर अरुंद तुळई बाजूला कशी कलंडते, यावर त्यांचा प्रबंध होता. पुढे १९०९ मध्ये त्यांनी फ्यॉपल यांची मुलगी गेरट्रूड हिच्याशी लग्न केले. त्यांना दोन मुली झाल्या.

डॉक्टरेटनंतर त्यांनी न्यूरेमबर्गला यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे त्यांच्यावर एक साधे काम आले. कारखान्यातला भुसा आणि छिलके ओढून घेणारी यंत्रणा नीट चालत नव्हती, ती सुधारायची होती. प्रांटल यांनी ती सुधारली, पण एक गोष्ट त्यांना खटकत राहिली. पाइप हळूहळू रुंद होत गेला की आतल्या हवेचा वेग कमी होऊन दाब वाढायला हवा, असे कोरड्या द्रायूचे गणित सांगते. प्रत्यक्षात दाब तेवढा वाढत नव्हता. हवा पाइपाच्या भिंतीला धरून न राहता मध्येच तिच्यापासून सुटत होती. असे का, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते.

१९०४ च्या दहा मिनिटांत काय घडले?

१९०१ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, प्रांटल हॅनोव्हरच्या तांत्रिक महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तो प्रश्न त्यांनी सोबत नेला होता. त्यांनी पाण्याची एक छोटी वाहिनी तयार केली. हाताने चाक फिरवले की पाणी गोल फिरे. त्यात चकाकणारे बारीक खनिज कण टाकले की प्रवाहाच्या रेषा दिसू लागत. वाटेत वेगवेगळ्या आकाराचे अडथळे ठेवून पाणी कुठे चिकटते आणि कुठे सुटते, याची त्यांनी छायाचित्रे घेतली.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गला गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रांटल यांना बोलायला दहा मिनिटे मिळाली. नंतर छापलेला निबंध जेमतेम आठ पानांचा होता. त्यातली कल्पना अशी : पाणी किंवा हवा सगळीकडे सारखीच ओली मानायची गरज नाही. वस्तूपासून थोडे दूर गेले की चिकटपणाचा परिणाम नगण्य असतो, तिथे कोरड्या पाण्याचे सोपे गणित चालते. पण पृष्ठभागाला अगदी लागून असलेला थर वस्तूला चिकटून असतो. तिथे वेग शून्य. त्या शून्यापासून बाहेरच्या पूर्ण वेगापर्यंतचा बदल एका अतिशय पातळ थरात घडतो. या थराला सीमास्तर, इंग्रजीत बाउंडरी लेअर, म्हणतात.

चिकटपणा थोडा असला तरी एवढ्याशा जागेत वेग इतका झपाट्याने बदलतो, की घर्षण मोठे होते. म्हणूनच तो सरसकट वगळता येत नाही. धावणाऱ्या लोकलच्या डब्यावर बसलेली धूळ याचीच साक्ष देते. गाडी माहीमहून निघून वेग घेते, दारात उभ्या असलेल्यांचे केस उडतात, पण पत्र्यावरची बारीक धूळ तशीच राहते. कारण पत्र्याला लागून असलेली हवा पत्र्याबरोबरच प्रवास करत असते.

याच कल्पनेने दालाँबेर यांचे कोडेही सुटले. वस्तूच्या मागच्या बाजूला दाब वाढत जातो. घर्षणाने दमलेल्या सीमास्तराला त्या वाढत्या दाबाविरुद्ध पुढे जाता येत नाही आणि तो पृष्ठभाग सोडून देतो. मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा तयार होतो, दाबाची फेड होत नाही आणि वस्तूला विरोध जाणवतो. न्यूरेमबर्गच्या पाइपात हवा भिंतीपासून का सुटत होती, याचेही उत्तर हेच होते.

श्रोत्यांपैकी किती जणांना त्या दिवशी याचे महत्त्व कळले असेल, हा वेगळा प्रश्न. पण गटिंगनचे गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी ते ओळखले. त्याच वर्षी प्रांटल गटिंगन विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

शिवाजी पार्कवरच्या स्विंगशी संबंध काय?

गटिंगनला प्रांटल यांनी वाऱ्याचे बोगदे उभारले आणि शिष्यांची मोठी फळी घडवली. सपाट पट्टीवरचे घर्षण मोजण्याचे गणित सोडवणारे ब्लासियस, पुढे अमेरिकेत हवाई संशोधनाचे नेतृत्व करणारे थिओडोर फॉन कारमान हे त्यांचेच विद्यार्थी.

१९१० च्या दशकात एक नवा पेच आला. पॅरिसला गुस्ताव्ह आयफेल, म्हणजे आयफेल टॉवरवालेच, गोळ्यांना होणारा हवेचा विरोध मोजत होते. त्यांचे आकडे गटिंगनच्या आकड्यांशी जुळेनात. प्रांटल यांनी १९१४ मध्ये गोळ्याभोवती एक बारीक तार गुंडाळली. सामान्य समजुतीनुसार खडबडीतपणा वाढला की विरोध वाढायला हवा. तो चक्क घटला. कारण तारेमुळे सीमास्तरात खळबळ माजली, बाहेरची वेगवान हवा आत मिसळली, थराला नवा जोर मिळाला आणि तो गोळ्याला अधिक काळ चिकटून राहिला. मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद झाला. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच काम करतात.

क्रिकेटच्या चेंडूला ही तार शिवूनच मिळते. तिचे नाव सीम. दादर-माहीमच्या सीमेवरचे शिवाजी पार्क १९२७ पर्यंत माहीम पार्क म्हणून ओळखले जाई. तिथल्या नेटमध्ये सकाळी नवा चेंडू हाती घेतलेला गोलंदाज सीम किंचित तिरकी धरतो. एका बाजूची हवा सीमवर अडखळून खळबळते आणि चेंडूला जास्त वेळ धरून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. मागचा प्रवाह एका बाजूला वळतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू सीमच्या रोखाने वळतो. एक बाजू घासून चकचकीत ठेवण्याची धडपड यासाठीच. ज्या थरात हे सारे घडते तो ताशी १२० किलोमीटरच्या चेंडूवर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. हवा ‘कोरडी’ असती तर असा स्विंग झालाच नसता.

नालेसफाईचा हिशेब कुठून आला?

चेंडूवर किंवा पंखावर सीमास्तर पातळ असतो. नळात आणि उथळ नदीत मात्र तो वाढत वाढत सगळा प्रवाह व्यापतो. तिथे मग भिंत किती खडबडीत, हा प्रश्न निर्णायक ठरतो. प्रांटल यांनी १९२५ मध्ये खळबळत्या प्रवाहातल्या घर्षणाचा हिशेब करण्याची पद्धत सुचवली. त्यांचे विद्यार्थी योहान निकुरात्झे यांनी पाइपांच्या आतून निवडक आकाराची वाळू चिकटवली आणि कोणत्या खडबडीतपणाला किती विरोध होतो, हे मोजले. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांतून आलेल्या सूत्रांवर जगभरच्या पाणीपुरवठा वाहिन्यांचे आराखडे बेतले जातात.

मुंबईकरांसाठी हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. उतार आणि खोली तीच असेल, तर गवत-झुडपांनी भरलेल्या नाल्यातून पाणी गुळगुळीत काँक्रीटच्या नाल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश वेगानेच जाते. वेग घटला की तेवढेच पाणी वाहून न्यायला पातळी वाढवावी लागते आणि वाढलेली पातळी काठावरच्या घरांत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे काठ बुडाले. त्याला पावसाचा जोर, भरती, अरुंद झालेले पात्र अशी अनेक कारणे होती. पण गाळाने भरलेल्या, कचऱ्याने खडबडीत झालेल्या पात्राची वहनक्षमता घटते, हेही त्या हिशेबातले एक कारण आहे. कोरड्या पाण्याच्या गणितात हे कारण दिसतच नाही.

कोल्हापूरचे घाटगे गटिंगनला कसे?

१९३० च्या दशकात प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करणाऱ्यांत एक मराठी तरुण होता, विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, मूळचे कोल्हापूर भागातले. भारतात परतल्यावर ते बंगळूरुला गेले. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी तिथे डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली होती. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत हवाई अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या पहिल्या काळातली धुराही घाटगे यांनी वाहिली.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. भारतीय अभियंत्यांनी आखून बांधलेले हे विमान पुढे अनेक वर्षे हवाई दलाच्या वैमानिकांना पहिले धडे देत होते. ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच कारकिर्दीतले. त्याने १९६४ मध्ये पहिली भरारी घेतली. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पंखाच्या आखणीत गटिंगनची शिकवण थेट कामी येते. पंखाला उचल कशी मिळते आणि टोकाशी ती कशी कमी होते, याचा सिद्धांत प्रांटल यांनी १९१८-१९ मध्ये मांडला होता. त्यातही ओल्या-कोरड्याचा पेच आहे. उचलीचे बरेचसे गणित कोरड्या हवेचे आहे, पण ती उचल सुरूच होते चिकटपणामुळे. पंख गती घेताना त्याच्या मागच्या धारेपाशी एक भोवरा सुटतो आणि त्यानंतरच पंखाभोवतीचा प्रवाह उचल देणारा होतो. पूर्ण कोरड्या हवेत विमान धावपट्टीवरच राहिले असते.

प्रांटल यांच्या आयुष्याची काळी बाजू कोणती?

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि गटिंगन विद्यापीठातून मॅक्स बॉर्न, रिचर्ड कुरांट, एमी नोएदर यांच्यासारख्या ज्यू शास्त्रज्ञांना दूर केले गेले. प्रांटल नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. १९३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांच्यावर नाझींच्या वर्तुळातून चिखलफेक होत असताना प्रांटल यांनी थेट हिमलरकडे त्यांची बाजू मांडली. त्या काळात हे धाडसाचे होते.

पण त्याच काळात त्यांच्या संस्थेला हवाई मंत्रालयाचा भरघोस निधी मिळत होता आणि युद्धाच्या काळात ते मंत्रालयासाठी संशोधनाची दिशा ठरवणाऱ्यांत होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी जर्मन राजवटीचे समर्थन केले. टेलर यांच्याशी असलेला स्नेह त्यामुळे तुटला. १९४५ मध्ये जर्मनी पडल्यावर अमेरिकी गणवेशातले फॉन कारमान चौकशीसाठी गटिंगनला आले. ते स्वतः ज्यू कुटुंबातले. जुने गुरू समोर होते, पण झाल्या प्रकाराची जबाबदारी ते पुरेशी ओळखत नाहीत, ही खंत फॉन कारमान यांना पुढेही राहिली. स्वतःला राजकारणाबाहेरचा समजणारा तज्ज्ञ राजवटीच्या किती उपयोगी पडू शकतो, याचे उदाहरण म्हणून प्रांटल यांचे नाव आजही घेतले जाते.

प्रांटल यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. १५ ऑगस्ट १९५३ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, गटिंगनला त्यांचे निधन झाले.

मग कोडे पूर्ण सुटले का?

नाही. प्रांटल यांनी पूर्ण समीकरणे सोडवली नाहीत, ती कुठे सोपी करता येतात आणि कुठे नाही, हे दाखवले. नाविए-स्टोक्स समीकरणांची उत्तरे त्रिमितीत नेहमी सुरळीत राहतात का, हा प्रश्न अजून खुला आहे. अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने २००० मध्ये त्यावर दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते अजून कोणालाही मिळालेले नाही.

तोवर व्यवहार प्रांटल यांच्या वाटणीवरच चालतो : भिंतीपासून दूर पाणी कोरडे धरायचे, भिंतीलगत ओले. विमानाचा पंख, जहाजाचा तळ, पंपाची पाती आखताना अभियंते आधी हाच प्रश्न विचारतात, की सीमास्तर कुठे चिकटतो आणि कुठे सुटतो. माहीमच्या खाडीत मात्र ही वाटणी करायला फारशी जागा नाही. उथळ पात्र, तळाशी गाळ, दोन्ही बाजूंना काठ. तिथले पाणी तळापासून पृष्ठभागापर्यंत ओलेच आहे.